रिकामं भांडं परत देताना

फळ्यावर समीकरण अर्धं लिहून झालं होतं आणि मुख्याध्यापिकाबाई वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या मला 'सुमनबाई' म्हणतात. त्या दिवशी नुसतं 'सुमन' म्हणाल्या, आणि मला सगळं कळलं. हातातला खडू खाली ठेवायचं काही सुचलं नाही. सायकलरिक्षातून दवाखान्यात पोचेपर्यंत तो मुठीतच होता. वसंताच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, कपाळावरून हात फिरवला तेव्हा त्याच्या कपाळावर पांढरी रेघ उमटली. ती मी पदराने पुसली. डायलिसिस चालू असतानाच हृदय थांबलं, असं डॉक्टर सांगत होते. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मुंबईला जाणार होतो. तिकिटं माझ्या पर्समध्ये होती आणि माझी एक किडनी त्याला द्यायची ठरली होती.

याला आता दोन महिने होत आले. समांतर संगणनाचं, म्हणजे एकच गणित अनेक संगणकांना वाटून द्यायचं, काम नागपुरात सुरू करणाऱ्या मोजक्या माणसांतला तो एक होता, तेव्हा त्याच्याबद्दल काही लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून सांगणं आलं. त्याच्या कामाचं मोठेपण त्याच्या खात्यातली मंडळी लिहितील आणि ती माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी शाळेत गणित शिकवते, पण त्याच्या त्या यंत्राशी माझं कधी पटलं नाही. मला लिहायचं आहे ते आमच्या दोघांच्या एका भांडणाबद्दल. ते वर्षभर चाललं, मी ते जिंकले, आणि जिंकून काही उपयोग झाला नाही.

आमचं बालपण नागपूरजवळ, कन्हानच्या बाजूला, एका कोळसा खाणीच्या वसाहतीत गेलं. वडील खाणीत उतरत. एका पावसाळ्यात खाली पाणी शिरलं आणि वडील वर आले नाहीत. वसंता तेव्हा दुसरी-तिसरीत असेल, मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. त्याने तेव्हा आईला विचारलं होतं, "पाणी कुठून आलं वं माय? दिसलं काहून नाही कोनाले?" तो प्रश्न त्याने सोडला नाही. पुढे शिष्यवृत्तीवर शिकला, इंजिनियर झाला, इथल्या एका कॉलेजात शिकवू लागला, आणि जमिनीखालचं पाणी कुठून कुठे सरकेल हे आधीच कसं सांगता येईल, याच्याच मागे लागला. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "आधी पान्याचं जमू दे ताई, मंग पोरीचं पाहू." आई गेल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो. माझंही लग्न झालं नाही. त्याचं कारण विचारणाऱ्यांना मी आजवर नीट उत्तर दिलेलं नाही, आता या वयात देणार नाही.

खात्यात ते यंत्र आलं तेव्हा तो लहान मुलासारखा नाचत घरी आला होता. एका पेटीत चार संगणक, तारांनी एकमेकांना जोडलेले. जमिनीखालच्या पाण्याचं गणित इतकं मोठं की एका संगणकाला ते लवकर उरकत नाही. म्हणून नकाशाचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एकेक वाटून द्यायचा. पण पाणी कुंपण मानत नाही. म्हणून प्रत्येक संगणकाने आपल्या कडेचे आकडे शेजारच्याला सतत कळवत राहायचं. ते आकडे ज्या राखीव जागेत भरून पाठवायचे तिला बफर म्हणतात. मला हे समजेना, तेव्हा त्याने ओट्यावरची वाटी उचलून दाखवली. "हे पाय. तू शेजारी भाजी पाठोते ना, तसं. भाजी म्हंजे निरोप, अन् वाटी म्हंजे बफर. वाट्या मोजक्या आहेत. शेजाऱ्यानं भाजी काढून घेतली की वाटी मोकळी कराची, म्हंजे मी तिच्यातच दुसरी भाजी धाडतो." एवढं सोपं असेल तर इतकी वर्षं शिकलास कशाला, असं मी म्हणाले. त्यावर तो खूप हसला.

त्याच वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. रक्तदाब वाढला, तोंडाची चव गेली, आणि तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्याचं कळलं. डायलिसिस सुरू झालं. कुणाची किडनी मिळाली तर माणूस बरा होतो, सख्ख्या भावाबहिणीची जुळण्याची शक्यता जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी त्याच दिवशी रक्त देऊन आले. जुळली. डावी काढतील, उरलेल्या एकीवर आयुष्य आरामात निघतं, असंही सांगितलं. मला इतका आनंद झाला की घरी येताना मी जिलबी घेऊन आले, आणि ती त्याला चालत नाही हे दारात आल्यावर आठवलं.

त्याने नाही म्हटलं. साधं, शांतपणे, भात वाढू का विचारल्यावर नको म्हणावं तसं. "तुले मी परत काय देनार? माह्याजवळच्या दोन्ही त कोनी फुकटात बी नेनार नाही." मी हसले नाही. मी रागावले, रडले, दोन दिवस बोलले नाही. मग पुन्हा बोलले, पुन्हा रागावले. तो नेहमी तेच म्हणायचा, घ्यायचं तर परत करता आलं पाहिजे. आईने आम्हाला असंच वाढवलं होतं. कुणाचं काही घेतलं तर ते परत जाताना त्यात भर घालून जायला हवं. कॉलेजात कुणी त्याचा एक तास घेतला, तर हा त्याचे दोन घ्यायचा. आजारात लोक मदतीला आले की याला घाम फुटायचा. माझी किडनी म्हणजे त्याच्या दृष्टीने असं काही होतं की ज्याच्या बदल्यात ठेवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

आणि नागपूरचा उन्हाळा. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून देतात हे पुष्कळांना ठाऊक नसेल. सकाळी मी त्याच्या दिवसभराच्या वाट्याचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायची, त्यातच चहा, त्यातच औषधं. बाहेर लूच्या गरम झळा चालू, कूलरच्या जाळीवरून पाणी टपटपतंय, आणि हा माणूस त्याच्यासमोर बसून कागदावर पाण्याची गणितं मांडतोय. ओठ सोललेले असायचे. मी बर्फाचा तुकडा द्यायची, तो तोंडात धरून डोळे मिटून बसायचा. त्या दिवसांत मीही त्याच्यासमोर पाणी प्यायचं सोडलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून, घाईघाईने एक पेला प्यायची. त्याला ते कळत होतं, मला ठाऊक आहे.

एवढं असून कॉलेजात जायचं त्याने थांबवलं नव्हतं. प्रोग्राम लिहून झाला होता, पण पूर्ण चालत नव्हता. तास-दोन तास छान चालायचा आणि मग उभा राहायचा. चूक दाखवत नव्हता, काही सांगत नव्हता, नुसता थांबायचा. चारही संगणक एकमेकांची वाट बघत बसलेले. विभागप्रमुख मुकुंदराव मोठे प्रेमळ आणि थट्टेखोर गृहस्थ. ते म्हणाले, "वसंतराव, तुमचा प्रोग्राम सरकारी नोकरीला लागून राहिला!" त्यांनीच सुचवलं की बफर कमी पडत असतील, वाढवून पाहा. याने वाढवले. प्रोग्राम जास्त वेळ चालला आणि पुन्हा तसाच थांबला. याला कळेना. कारण बफर मोकळे करायची त्याची पद्धत सगळ्यांना आवडली होती. मुकुंदरावांनी तर ती फळ्यावर मांडून इतरांना दाखवली होती. नुसतं 'आकडे मिळाले, जागा मोकळी कर' एवढंच सांगायला एक वेगळी खेप घालायची म्हणजे वेळ वाया. त्यापेक्षा शेजाऱ्याने थोडं थांबावं, आपले आकडे पाठवायचे असतील तेव्हा त्यांच्याबरोबरच आधीची पोच द्यावी. गेलेली वाटी भरूनच परत यावी.

एका दुपारी तो जेवायला घरी आला होता. मी ताट वाढलं आणि ओट्यावरचा शेजारच्या काकूंचा डबा बाजूला सरकवला. त्यांनी भरली वांगी पाठवली होती त्याला बरेच दिवस झाले होते. डबा रोज माझ्या डोळ्यांसमोर यायचा आणि रोज राहून जायचा. मी आपली स्वतःशीच बडबडले, "घरात धड काही होऊन नाही राह्यलं. काही गोडधोड झालं की नेऊन देईन काकूंचा डबा."

वसंताचा घास हातातच राहिला. "काहून थांबली त्याच्यासाठी?" त्याने विचारलं.

"मंग रिकामा नेऊ का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग डब्याकडे. मग म्हणाला, "कोरडा तुकडा." मला वाटलं ऊन डोक्यात चढलं. "ताई, नकाशातला जो तुकडा कोरडा आहे ना, त्याच्याकडे पान्याची हालचालच नाही. त्याच्याजवळ पाठवाले काही नाही. म्हनून तो पोच बी देऊन नाही राहिला. शेजाऱ्याच्या सगळ्या वाट्या घेऊन तो चुपचाप बसला आहे. अन् शेजारी वाट्याच नाहीत म्हनून बसला, अन् त्याच्यापायी बाकीचे..." ताट तसंच टाकून, भर उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून तो गेला. मी दारातून ओरडत राहिले.

संध्याकाळी परत आला तो हसत नव्हता. मला वाटलं पुन्हा फसलं. "चालला," तो म्हणाला, "पूर्ण चालला. एवढंच केलं, की आकडे उतरवले का वाटी लगेच परत. रिकामीच. देण्यासारखं असो नाही तर नसो." मी म्हटलं, मग चेहरा असा का? तो खाली बसला आणि म्हणाला, "तो प्रोग्राम मी नव्हता लिहिला ताई. आपल्या मायनं लिहिला होता."

मला लगेच समजलं. वडील गेले त्या पावसाळ्यात आमच्या घरात शिजवायला काही नसायचं. शेजारच्या गिरजामावशी, त्यांचे यजमानही खाणीतच होते, रोज संध्याकाळी काहीतरी पाठवायच्या. कधी गंजात, म्हणजे पातेल्यात, वरण, कधी कटोऱ्यात पिठलं, कधी ताटलीवर दोन भाकरी. आई आम्हाला वाढायची, भांडं राखेने लख्ख घासायची आणि फळीवर पालथं ठेवायची. रिकामं भांडं परत कसं द्यायचं? त्यात घालायला चिमूटभर साखरसुद्धा नव्हती. फळीवर गिरजामावशींची भांडी वाढत गेली. आई ती रोज खाली काढून पुन्हा घासायची, पुन्हा ठेवायची. आणि मग एक दिवस गिरजामावशींकडून काही येईनासं झालं. आम्हाला वाटलं, त्यांना आता आमचा कंटाळा आला. आईलाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांचं नाव तिने घ्यायचं सोडलं. आम्ही अर्धपोटी राहिलो. पुढे आईला खाणीत, कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत, काम मिळालं, पहिल्या पगारात तिने शिरा केला आणि सगळी भांडी भरभरून परत नेऊन दिली. ते भरलेल्या भांड्यांचं ताट डोक्यावर घेऊन जाणारी, मान ताठ केलेली आई मला अजून दिसते. आम्हाला तिचा केवढा अभिमान वाटला होता!

"गिरजामावशी आहे का अजून?" वसंताने विचारलं.

होत्या. पुढच्या रविवारी आम्ही कन्हानला गेलो, बसने. मी नको म्हणत होते, त्याला धाप लागत होती, पण ऐकणारा तो नव्हता. गिरजामावशी आता पार वाकल्या होत्या, पण आम्हाला त्यांनी आवाजावरून ओळखलं. वसंताच्या सुजलेल्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून म्हणाल्या, "काय झालं गा तुले?" त्याने ते टाळलं आणि सरळ विचारलं, "मावशे, तू त्या साली आम्हाले देनं काहून बंद केलं होतं?"

म्हातारी ओशाळली. इतकी वर्षं झाली तरी ओशाळली. "माह्या घरी भांडंच नव्हतं राह्यलं रे बापू. शेवटी शेवटी आमी पानावर जेवत होतो. देऊ कशात?"

"मंग मांगून न्यायची होती!"

"मांगू कशी? तुह्या मायले वाटलं असतं, हे भांड्यासाठी आली. तिच्या मानसाले जाऊन महिना नव्हता झाला."

मी म्हटलं, "मावशी, आईजवळ घालायला काही नव्हतं. रिकामं कसं द्यायचं, म्हणून ठेवलं होतं."

गिरजामावशींनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं पोरी, रिकामंच पाह्यजे होतं मले! रिकामं आलं म्हंजे लेकरं जेवली, एवढं त कळलं असतं. मी बसली रोज वाट पाहात." आणि त्या रडायला लागल्या. आईसाठी रडत होत्या की आमच्या त्या उपाशी संध्याकाळींसाठी, कोण जाणे. वसंता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला. माझ्या मनात आईबद्दल एक असा राग आला की त्याची मलाच भीती वाटली. मग तो राग गेला, आणि नुसती आई उरली, फळीखाली उभी राहून गंज घासणारी.

परतताना बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. नदीचा पूल गेला, कामठी गेली. मग बाहेर बघतच म्हणाला, "ताई, मुंबईचे कागद कुठं ठेवले?"

मी म्हटलं, "ट्रंकेत. काहून?"

"काढून ठेव. मी घेतो तुझी." आणि थोड्या वेळाने, "पन मी तुले काही परत नाही देनार. सांगून ठेवतो."

"नको देऊ," मी म्हटलं, "तू जेवला एवढं कळलं की झालं." बसमध्ये लोक होते, नाहीतर मी तिथेच हंबरडा फोडला असता. आनंदानेच. पाच मिनिटांत आम्ही दोघं कशावरून तरी भांडायलाही लागलो होतो, बहुतेक कंडक्टरच्या सुट्ट्या पैशांवरून.

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं म्हटलं तर लोकांना विचित्र वाटेल. घरात एक आजारी माणूस, डायलिसिसच्या खेपा, मुंबईच्या पत्राची वाट. पण तो बदलला होता. शेजारच्या काकूंचा डबा त्याने स्वतः नेऊन दिला, रिकामा, आणि दारातच सांगितलं, "काकू, वांगी लय मस्त होती. आनखी पाठवा." काकू आधी दचकल्या आणि मग इतक्या खूश झाल्या की दुसऱ्याच दिवशी डबा पुन्हा आला. कॉलेजात कुणी बॅग धरली तर धरू द्यायचा. आणि मुंबईबद्दल बोलायचा. नवी किडनी चालू झाली की पाण्याचं बंधन सुटतं, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. ऑपरेशननंतर काय करणार म्हणून मुकुंदरावांनी विचारलं तर त्यांना वाटलं हा एखाद्या शोधनिबंधाचं नाव सांगेल. हा म्हणाला, "सर, पानी पिनार. माठातलं. पोट फुटेस्तोवर."

मुंबईहून तारीख आली. मी रजा टाकली, तिकिटं काढली. मग वसंताला ताप आला, तो उतरला, पुन्हा आला. त्या सकाळी डायलिसिसला जाताना तो रिक्षात बसला आणि मला म्हणाला, तू शाळेत जा, तुझ्या रजा आताच संपवू नको, पुढे लागतील. मी गेले. फळ्यावर समीकरण लिहायला घेतलं.

तेराव्याला जमलेल्या एका नातेवाईक बाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "जाऊ दे वं सुमन. देवाले काळजी. निदान तुझी त वाचली." मी हात सोडवून घेतला आणि आत निघून गेले. त्यांचा हेतू चांगला होता हे मला समजतं. पण वाचली म्हणजे काय? ती वाचवायची होती कुणाला? वर्षभर मी त्या माणसाच्या पाया पडले, ओरडले, उपास केले, तेव्हा कुठे तो घ्यायला तयार झाला. आणि जिने जायचं ती इथेच, माझ्या कुशीत, धडधाकट, आपलं काम करतेय. डॉक्टरांनी मला तपासून सांगितलंय की दोन्ही उत्तम आहेत. हे ऐकून मला जितकं रडू आलं तितकं त्याला अग्नी देतानाही आलं नव्हतं.

यंत्र कॉलेजात आहे. मुकुंदराव सांगत होते, प्रोग्राम आता कितीही वेळ चालतो, थांबत नाही. खाणींच्या नकाशांवर तो वापरायचं चाललंय. बरं वाटलं ऐकून, पण खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं नाही.

सकाळी शाळेत जाण्याआधी मी आता स्वयंपाकघरात पाठ करून पाणी पीत नाही. माठाजवळ पाट घेऊन बसते. एक पेला पिते, तो माझा. मग दुसरा भरते. मला तहान नसते. पण डाव्या बाजूची किडनी मी त्याला दिलेली आहे आणि त्याने ती घेतो म्हटलं आहे, ती आता माझी नाही. दुसरा पेला मी सावकाश, थांबत थांबत, शेवटच्या घोटापर्यंत पिते. वसंताला फार तहान लागायची.